श्राद्ध घातलं म्हणता, तर जरा ऐकून घ्या

'जुना जग्वारप्रेमी' यांस,

नमस्कार. परवा रात्री तुम्ही माझ्या लेखाखाली लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. बायकोलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, सोडून दे. मी सोडूनच देणार होतो, पण काल गॅरेजमध्ये काम करताना हातातला पाना दोनदा निसटला, तेव्हा म्हटलं, लिहून मोकळं व्हावं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्याकडे १९८५ ची जग्वार एक्सजेएस आहे, ५.३ लिटर व्ही-१२ (व्हीच्या आकारात बारा सिलिंडर), एचई म्हणजे 'हाय एफिशियन्सी', कमी पेट्रोल पिणारं सुधारित मॉडेल. ती मी २०१७ साली कॉव्हेंट्रीजवळच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून साडेचार हजार पौंडांना उचलली आणि घरामागच्या गॅरेजात सहा वर्षं तिच्यावर काम केलं. पत्र्याचं काम, इंधनाचे सगळे रबरी पाइप, इग्निशन, रेडिएटरचा नवा गाभा. तीन गिअरचा ऑटोमॅटिक काढून पाच गिअरचा मॅन्युअल बसवला. इंजिनवर फिरणारा मूळ पंखा काढून दोन इलेक्ट्रिक पंखे लावले. लेखात हे सगळं फोटोंसकट आहे.

त्यावर तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात. एक, एचईचं साल चुकलंय. दोन, रेडिएटर आणि पंखा दोन्ही एकदम बदलले, त्यामुळे गाडी नेमकी कशाने थंड राहिली हे मलाच माहीत नाही. तीन, सिलच्या (दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीच्या) कामाचे फोटो नाहीत आणि खर्चाचा हिशेब नाही. आणि चौथं, जे मी तुमच्याच शब्दांत देतो: "तुम्ही गाडी दुरुस्त नाही केलीत, तिचं श्राद्ध घातलंत."

पहिलं मान्य. मी एचई १९८० ला आली असं लिहिलं होतं, ती १९८१ ला आली. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक ती चूक, ती कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही. (तुमच्या प्रतिक्रियेत "कार्बोरेटर" असा शब्द आहे. व्ही-१२ एक्सजेएसला १९७५ पासून, पहिल्या दिवसापासून, फ्युएल इंजेक्शन होतं. पण मी ते काढत बसत नाही.)

आता श्राद्ध.

साहेब, हा शब्द तुम्ही कुठल्या अर्थाने वापरलात? मराठीत श्राद्ध घालणं म्हणजे वाट लावणं नव्हे. श्राद्ध श्रद्धेने करतात म्हणून ते श्राद्ध. गेलेल्याची आठवण ठेवणारा माणूस ते करतो. ज्याला आठवण ठेवायची नसते तो सुट्टीही घेत नाही. तुम्हाला बहुधा "तेरावं घातलंत" म्हणायचं असावं, किंवा "वाटोळं केलंत". मग तसं म्हणा ना. शब्द स्वस्त असतात म्हणून कुठलाही उचलून मारायचा, हे मला पटत नाही. माझे वडील जाऊन अकरा वर्षं झाली. दर वर्षी त्या तिथीला मी इथे सकाळी मागच्या अंगणात पान ठेवतो. इंग्लंडमध्ये कावळ्यांची कमतरता नाही. तेव्हा हा शब्द माझ्यासमोर वापरताना जरा जपून.

आणि गाडीच्या बाबतीत म्हणाल तर, मेलेल्याचं श्राद्ध घालतात. ही गाडी मेलेलीच होती, मी ती चालती केली. गोठ्यातून बाहेर काढली तेव्हा डाव्या दाराखाली हात घातला तर सिलमधून वर्तमानपत्र निघालं. आधीच्या कुणा गॅरेजवाल्याने गंजलेल्या पत्र्याच्या पोकळीत कागद कोंबून वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारला होता. मागच्या रेडियस आर्मची जागा, म्हणजे मागच्या सस्पेन्शनचा दांडा जिथे बॉडीला जोडलेला असतो, तिथे स्क्रू-ड्रायव्हर आरपार जात होता. इंजिनच्या व्हीमध्ये, जिथे बारा प्लगच्या वायरी, इंधनाची रेल, डिस्ट्रिब्युटर आणि समोरच्या टोकाला एसीचा कॉम्प्रेसर अशी सगळी मंडळी लोकलच्या डब्यासारखी दाटून बसलेली असतात, तिथे इंधनाचे पाइप बोटाने दाबले की चिरा पडायच्या. खाली तापलेलं इंजिन आणि वर ठिबकणारं पेट्रोल. या इंजिनाच्या गाड्या जळाल्या त्या अशाच. आणि इथे २०२१ पासून साध्या पंपावर ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्यातलं इथेनॉल जुन्या रबराला आणखी खातं. मी ते पाइप आर-९ दर्जाचे, म्हणजे इथेनॉलला टिकणारे, टाकले. हेही मूळचे नाहीत. हेही श्राद्धात धरायचं का?

"जग्वारच्या इंजिनियरांना अक्कल नव्हती का?" असंही तुम्ही त्याच दमात विचारलंय. होती. म्हणूनच त्यांनी स्वतःची गाडी एकवीस वर्षं बदलत ठेवली. १९८१ मध्ये मायकेल मे या स्विस इंजिनियरच्या कल्पनेवर इंजिनाची नवी सिलिंडर हेडं आली, कॉम्प्रेशन साडेबाराला एकपर्यंत गेलं, आणि पेट्रोल पिण्याबद्दल बदनाम झालेली गाडी वाचली. १९८३ ला सहा सिलिंडरचं इंजिनही दिलं. मागचे ब्रेक सुरुवातीपासून आत, डिफरन्शिअलला (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरला) खेटून होते, गरम व्हायचे, काम करायला त्रास. तेसुद्धा शेवटी ९३ मध्ये बाहेर चाकांकडे आले. त्याच वर्षी सहा लिटरचं व्ही-१२ आलं आणि त्याच्यामागे तीन गिअरच्या जागी चार गिअरचा ऑटोमॅटिक. म्हणजे कंपनीने बदल केला की ती उत्क्रांती, आणि कोल्हापूरच्या माणसाने केला की श्राद्ध!

मॅन्युअल गिअरबॉक्सबद्दल तर तुम्ही बोलूच नये. जग्वारनेच सुरुवातीच्या वर्षांत मॅन्युअल एक्सजेएस विकली. १९७९ पर्यंत अशा ३५२ गाड्या बनल्या. मग टॉम वॉकिन्शॉने रेसिंगसाठी जी एक्सजेएस तयार केली, जिने १९८४ ला युरोपियन टूरिंग कार चॅम्पियनशिप आणि त्याच वर्षी बेल्जियममधल्या स्पाची २४ तासांची शर्यत जिंकली, तीसुद्धा मॅन्युअल. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची शर्यत. तेव्हा कुणी वॉकिन्शॉला "श्राद्ध घातलंस" म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मूळ ऑटोमॅटिकवर ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे २६०० फेऱ्यांवर फिरायचं. आता दोन हजारांच्या आसपास. ही ग्रँड टूरिंग गाडी आहे, दोन माणसं आणि त्यांचं सामान घेऊन देश ओलांडायला बनवलेली. गेल्या मे महिन्यात मी आणि बायको कॉव्हेंट्रीहून डोव्हर, कॅले, रेम्स, माँ ब्लांचा साडेअकरा किलोमीटरचा बोगदा आणि मग मिलान, असे तेराशेहून जास्त किलोमीटर गेलो. एकदाही बॉनेट उघडावं लागलं नाही. (हमरस्त्यावर वेगात पंखा लागतच नाही, असं आता म्हणू नका.)

तुम्ही लिहिता, "मी तीस वर्षं या गाड्या बघतोय." बघताय. चांगलं आहे. मीही क्रिकेट चाळीस वर्षं बघतोय.

माझं सांगायचं तर माझे वडील, आमचे दादा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर होते. शाळा सुटली की मी थेट तिथे. सातवीत मला मायक्रोमीटर वाचता येत होता. पाढे त्यानंतर नीट पाठ झाले. दिवसा ऑइल इंजिनांची कामं, आणि रविवारी ओळखीपाळखीच्या लोकांच्या गाड्या. हे सांगण्याचं कारण, तुम्ही "परदेशातला पैसा हाताशी असला की पार्ट बदलायला डोकं लागत नाही" असं जे सूचित केलंय, ते माझ्या घराण्याला लागू होत नाही. आमच्याकडे पार्ट बदलायला पैसेच नसत. एकदा एका डॉक्टरांची फियाट गगनबावड्याच्या घाटात दर वेळी उकळायची. दोन गॅरेजवाल्यांनी सांगितलं होतं, वॉटर पंप गेला, नवा टाका. दादांनी पंपाला हातच लावला नाही. आधी रेडिएटर काढला, मागच्या बाजूने पाण्याचा पाइप लावला, तर जाळीतून चिखल आणि किड्यांचा लगदा निघाला. परत बसवला, डॉक्टरांना म्हणाले, चला घाटात. चढली. मग थर्मोस्टॅट बदलून पुन्हा चढवली. मला शेजारी बसवून म्हणाले, "बाळ्या, एका वेळी एकच नट फिरवायचा. दोन फिरवलेस की कुठल्याने काम झालं ते देवालाबी कळत न्हाई."

असो. सांगायचा मुद्दा हा नव्हता. मुद्दा हा की मी यंत्राच्या घरात वाढलोय.

पंख्यांबद्दलचा तुमचा मुद्दा तांत्रिक आहे आणि त्यावर जाणकारांत दोन तट आहेत. एक्सजेएसच्या रेडिएटरच्या तळाशी, एसीच्या कंडेन्सरमागे, वर्षानुवर्षांची माती अडकते हे खरं. माझ्याही अडकली होती, कमी नव्हती. मूळ पंख्याची प्लॅस्टिकची पाती जुनी झाली की ठिसूळ होऊन तुटतात हेही खरं, आणि एक पातं तुटलं तर बॉनेटखाली काय होतं ते मी इथे सांगत नाही. म्हणून मी दोन्ही बदललं. अल्टरनेटरही मोठा लावावा लागला, कारण जुना दोन पंख्यांचं ओझं ओढत नव्हता. हे लेखात लिहायचं राहिलं असेल, पण तेवढ्यावरून माणसाला काही कळतच नाही असा निष्कर्ष काढायचा? गेल्या ऑगस्टमध्ये कॉव्हेंट्रीच्या रिंग रोडवर वाहतुकीत वीस मिनिटं उभा होतो, तेव्हा तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या थोडा वर गेला. थोडा. तेवढं कुठल्याही व्ही-१२ ला होतं.

सिलचे फोटो नाहीत, कारण वेल्डिंग करताना मी मोबाइल हातात घेत नाही. हिशेबाचं म्हणाल तर आमच्या घरात तो विषय निघत नाही आणि निघू नये अशी माझी इच्छा आहे.

एवढं मात्र सांगतो. ही गाडी जिथे बनली ते ब्राउन्स लेन माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. २००५ मध्ये तिथलं असेंब्ली बंद पडलं तेव्हा मी या शहरात होतो. २००८ ला टाटांनी जग्वार घेतली तेव्हा आमच्याकडे पेढे आले होते, आणि शेजारचा म्हातारा, ज्याने आयुष्यभर त्या कारखान्यात दारं बसवली, तो पेढा हातात धरून बराच वेळ काही बोलला नाही. मी एक्सजेएस बाहेर काढली त्या दिवशी तो फाटकाशी आला. दार उघडलं, बंद केलं. आवाज ऐकला. परत उघडलं, परत बंद केलं. म्हणाला, बिजागरी तू बदललेली नाहीस. मी म्हटलं, नाही. तो मान हलवून घरी गेला. गिअरबॉक्सबद्दल एक शब्दही विचारला नाही. तुम्ही, ज्यांनी ही गाडी फोटोत पाहिली, त्यांनी मात्र श्राद्धापर्यंत मजल मारली.

प्रतिक्रिया मी डिलीट केलेली नाही, याची कृपया नोंद घ्यावी. करता आली असती. टीकेचं स्वागतच आहे, हे मी पूर्वीही लिहिलंय, फक्त ती माणसाने माणसाशी बोलावं तशी हवी. पुढचा लेख मागच्या ब्रेकवर आहे. ते मी आतच ठेवलेत, मूळ जागी, म्हणजे तुम्हाला तिथे तरी त्रास होऊ नये.

कळावे.

ता.क. आणखी एका वाचकाने विचारलं होतं की मूळ पंखा आणि त्याचा व्हिस्कस क्लच (इंजिन तापलं की पंखा जोराने फिरवणारा जोड) विकायचा आहे का. नाही. तो फळीवर कापडात गुंडाळून ठेवला आहे. येत्या उन्हाळ्यात, नवा रेडिएटर तसाच ठेवून, एकदा लावून बघणार आहे.