वाडा ‘हेरिटेज’ करायचा आहे? सोपं आहे!

आर्किटेक्ट मित्रांनो, कुणी दीड-दोनशे वर्षांचा वाडा दुरुस्तीला दिला तर गांगरून जाऊ नका. पहिल्या भेटीत उंबरा ओलांडायचीही गरज नसते. बाहेरून ड्रोन उडवा, चहा घ्या, ‘काय कॅरेक्टर आहे हो!’ म्हणा आणि निघा.

प्रेझेंटेशनच्या पहिल्या पानावर मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा टाका. ज्याचं काम घेतलंय तो सातव्या पानावर आला तरी चालतो.

कडीपाट, म्हणजे ते लाकडी कड्या-फळ्यांचं छत, पीओपीने झाका.

मोजमापं? साइटवरचा पोऱ्या घेईल.

आता भिंती. चुना म्हणजे नसती कटकट. आठवडेच्या आठवडे भिजवा, सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालून दगडी चाकाच्या घाणीत मळा, गुळाचं पाणी घाला, वर जाणता गवंडी शोधा. त्यापेक्षा सिमेंटची पोती मागवा. आमच्या वाड्यात तेच झालं. जोत्यातून चढणारी ओल इतकी वर्षं चुन्याच्या गिलाव्यातून मुकाट वाळून जायची. सिमेंटने तिची वाट बुजवली, मग ती भिंतीतच वर वर चढली. तीन पावसाळे गेले. यंदा गणपतीत आरती चालू असताना ताटाएवढा पोपडा तबकाशेजारी आदळला, विटांचं तोंडच सोबत घेऊन. मागे सगळा लोणा, भिंतीवर फुटलेला खार. बोट लावलं की वीट भुकटी. सागवानी तुळईच्या भिंतीतल्या टोकाला दाभण टोचलं, ते निम्मं आत गेलं. आर्किटेक्ट साहेबांना फोन केला. म्हणाले, “जुनं बांधकाम आहे, एवढं चालायचंच.”

अहो, जुनं होतं तोवर काही होत नव्हतं! झालं ते तुमच्या नव्याने.

बिल मात्र ‘कन्झर्व्हेशन’च्या दराने लावा. विसरू नका.

बास झाली थट्टा. प्राचीन स्मारकांचा १९५८चा कायदा आहे तो राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी. शनिवारवाड्याला पुरातत्त्व खातं आहे. गावोगावच्या आमच्यासारख्या वाड्यांवर ना पाटी, ना पहारेकरी. तिथे राखणदार एकच, ज्याच्या हाती आम्ही किल्ल्या देतो तो. म्हणजे तुम्ही. चुन्याचं काम येत नसेल तर येत नाही म्हणा, आम्ही दुसरा बघू. संवर्धन शिकलेले आर्किटेक्ट आहेत या देशात. त्यांना विचारायला कमीपणा कसला वाटतो? आणि काम घेतलंत तर आधी शिडी लावून एकेक तुळई टोचून बघायची असते. ड्रोनमधून ते दिसत नाही.