घाटात गाडी तापली? अजिबात थांबू नका!

मे महिन्याची दुपार, कसारा घाट, पाच जणांच्या गाडीत सात माणसं, एसी चारवर आणि टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात. अशा वेळी पहिला नियम: काट्याकडे बघू नका. इगतपुरी आता आलीच. सासुरवाडीच्या माणसांसमोर गाडी कडेला घेणं जावयाला शोभत नाही.

मागून कुणीतरी शहाणा म्हणेल, "एसी बंद करा, हीटर फुल लावा." हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, इंजिनाची थोडी उष्णता तिकडून निघून जाते. मुद्दा बरोबर आहे, पण मे महिन्यात हीटर? लोक काय म्हणतील! इंजिन शिजलं तरी चालेल, मेहुणे गार राहिले पाहिजेत.

तेव्हा दुसऱ्या गिअरवर, ट्रकच्या मागे चिकटून, चढत राहा. मध्येच काटा एकदम खाली येईल. टाळ्या वाजवा! कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, इतकं उडून गेलंय की सेन्सरला पाणीच लागत नाही. बिचारा मोजणार काय? गाडी बरी झाल्याचं जाहीर करून वेग वाढवा.

बोनेटमधून वाफ आलीच, तर मात्र थांबावं लागतं. पुढचं दिसत नाही ना. उतरल्या उतरल्या रेडिएटरचं झाकण फिरवा. घरी वाफ जिरल्याशिवाय कुकरला हात न लावणारी माणसं इथे एकदम शूर होतात. आत दाब असतो म्हणून शंभर अंशांच्या पुढे जाऊनही पाणी उकळत नाही. झाकण सैल झालं की सगळं उसळून तोंडावर. इंजिन बंद करून, अर्धा-पाऊण तास थांबून, जाड फडक्याने हळूच झाकण उघडणारे लोक भित्रे असतात. त्यांच्याकडे लक्ष न देता आइसबॉक्समधली बाटली तापलेल्या इंजिनात रिकामी करा. ब्लॉक तडकला तर कंपनीचा माल हलका.

कूलंट विकत घेऊ नका. बोअरचं पाणी फुकट आहे, आणि त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्या बुजवायचेही वेगळे पैसे घेत नाहीत.

शेवटी टोइंगवाला तुम्हाला गॅरेजात सोडेल. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, उडालेलं, कूलंट मिसळून ऑइलचा दुधाळ चहा झालेला. फिटर विचारेल, "तापल्यावर किती चालवली?" छातीठोकपणे सांगा, "छे, लगेच बंद केली!" तो मान डोलावेल आणि वाकडं झालेलं हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवेल. विमा कंपनीला फोन करायचा असेल तर जरूर करा. तेवढाच पाहुण्यांचा वेळ जाईल.