अविश्वसनीय कौतुक

'तुमचं काम अविश्वसनीय आहे,' असं कुणी म्हटलं की आभार मानावेत की खुलासा मागावा, हे मला कधीच ठरवता येत नाही. या शब्दाचे अर्थ दोन. एक, खरं वाटू नये असं. दुसरा, भरवसा ठेवू नये असं. पहिल्याने बढती मिळते, दुसऱ्याने नोकरी जाते.

घोळ मुळातलाच आहे. 'श्वस्' धातू, 'वि' उपसर्ग, पुढे 'अनीय' प्रत्यय, की झालं 'विश्वसनीय'. आधी 'अ' जोडला की उलट. पण शंका बोलण्यावर घ्यायची की बोलणाऱ्यावर, याची जबाबदारी प्रत्यय घेत नाही. ती रोजच्या मराठीने क्रियापदांवर टाकली आहे. बातमीवर विश्वास 'बसतो', आपला आपण. माणसावर तो 'ठेवावा' लागतो, म्हणजे जोखीम आपली. म्हणून शब्द लिहिण्याआधी मोडून बघावा. 'धावपटूची वेळ अविश्वसनीय होती.' विश्वास बसेना, की ठेवता येईना? बसेना, तर पदक. ठेवता येईना, तर उत्तेजक चाचणी. झेल अविश्वसनीय असला तर टाळ्या पडतात, साक्षीदार असला तर खटला पडतो. जाहिरातीतली 'अविश्वसनीय सवलत' मात्र बहुधा दोन्ही अर्थांनी खरी असते.

माणूस किंवा यंत्र दगा देणारं असेल, तर सरळ 'बेभरवशाचं' म्हणावं. भरवशाच्या म्हशीला टोणगा झालेला पाहणाऱ्या भाषेला इथे संस्कृतची उसनवारी कशाला? घडलं खरं, पण कसं ते कळत नाही, तिथे 'अतर्क्य'. अजून घडायचं आहे, पण घडेलसं वाटत नाही, तिथे 'असंभाव्य'. आणि समोरचा उघड फेकत असेल, तर 'काहीतरीच काय!' एवढं पुरतं.

आता काना. 'अविश्वासनीय' चूक, कारण 'अनीय' धातूला लागतो, 'विश्वास' या नामाला नाही. 'विश्वासार्ह', 'विश्वासू', 'अविश्वास ठराव' यांत नामच आहे, तिथे काना हवाच. हे सांगितलं की लोक धास्तावून 'विश्वसार्ह' लिहू लागतात, हा वेगळा ताप.

उसने पैसे मागायला आलेल्या जुन्या देणेकऱ्याला 'तू अविश्वसनीय आहेस' म्हणू नये. खूश होऊन तो जास्त मागेल. 'विश्वास पानिपतात गेला' म्हणावं. नानासाहेब पेशव्यांचे थोरले पुत्र विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी तिथे पडले, त्यावरचा हा श्लेष. श्लेष असूनही पैसे मागणाऱ्याला त्याचा अर्थ एकच लागतो.