नुसते टॉवर वाढल्याने सागाला भाव येत नाही

शेतकऱ्यांच्या गटांतून आणि रोपवाटिकांच्या जाहिरातींतून गेली काही वर्षे एक संदेश थोड्याफार फरकाने फिरतो आहे. त्याचा आशय असा: मुंबई-पुण्यात घरबांधणी जोरात आहे, प्रत्येक घराला सागवान लागते, जंगलतोडीवर बंदी असल्यामुळे माल मिळत नाही, म्हणून भाव चढतच जाणार, अमेरिकेतही 2021 मध्ये घरांच्या मागणीमुळे लाकडाचा भाव चौपट झाला, तेव्हा एकरी 500 झाडे लावा, 15 वर्षांनी प्रत्येक झाडातून 15 घनफूट लाकूड काढा आणि घनफुटाला 3,000 रुपये धरून एकरात सव्वादोन कोटी मिळवा. गुणाकार बिनचूक आहे. गुणाकारात घातलेले आकडे आणि त्यांच्यामागची गृहीतके मात्र एकेक करून तपासावी लागतात. घरबांधणी आणि सागाचा व्यापार यांचा संबंध आहे, पण तो या संदेशात सांगितला आहे तसा सरळ राहिलेला नाही.

पहिले विधान प्रत्येक घराला सागवान लागते, हे. पुण्यातला वाडा किंवा गिरगावातली जुनी चाळ डोळ्यांपुढे ठेवली, तर ते शंभर टक्के खरे होते. खांब, तुळया, पाटण, जिना, गॅलरीचे कठडे, दारे, खिडक्या हे सारे लाकडाचे असे, आणि मुंबईतल्या जुन्या इमारतींत तर ब्रह्मदेशातून समुद्रमार्गे आलेला साग मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. सिमेंट-काँक्रीट आल्यावर इमारतीचा भार वाहण्याचे काम लाकडाकडून गेले. नंतर खिडक्या ॲल्युमिनियमच्या आणि यूपीव्हीसी या कडक प्लास्टिकच्या झाल्या, न्हाणीघराच्या दारांच्या चौकटी ग्रॅनाइटच्या झाल्या आणि आतल्या खोल्यांना लॅमिनेट लावलेली फ्लश डोअर्स आली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने तर 1993 मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यावर बंदीच घातली होती आणि ती 2020 मध्ये उठवली. या काळात बांधकामाची एक संपूर्ण यंत्रणा, तिच्यातले अभियंते, कंत्राटदार आणि निविदांचे नमुने यांसह, लाकडाशिवाय काम करायला सरावली.

मग आजच्या सदनिकेत सागाचे काम कुठे उरते? बहुतेक वेळा मुख्य दारात. पाच इंच बाय अडीच इंचाची, सात फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद अशी उंबऱ्यासह पूर्ण चौकट धरली, तर तिला कापीव लाकूड दोन घनफुटांहूनही थोडे कमी लागते. दाराची फळी भरीव सागाची केली तर त्यात भर पडते. पण परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पांत तीही बहुधा तयार, वर लाकडाची पातळ पत्री चिकटवलेली येते. म्हणजे चाळीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला तरी त्याच्या लाकडाचा हिशेब जुन्या वाड्याच्या हिशेबाने मांडता येत नाही.

सागाची आवड कमी झाली आहे असा याचा अर्थ नाही. ग्राहकाला सागाचा रंग आणि रेषा हव्याच असतात, आणि त्या त्याला व्हेनियरमधून, म्हणजे प्लायवूडवर चिकटवायच्या लाकडाच्या पातळ पत्रीतून मिळतात. एक घनफूट लाकडाच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्या काढल्या, तर कागदावर सुमारे 600 चौरस फूट पृष्ठभाग झाकता येतो; निम्मा माल वाया गेला असे धरले तरी 300. भिंतीचे पॅनेल, कपाटाची दारे, पलंगाची पाठ हे सारे इतक्या थोड्या लाकडात सागाचे दिसू लागते. या पत्रीसाठी लागणारा ओंडका मात्र जाड, सरळ आणि गाठी नसलेला असावा लागतो, आणि तसा ओंडका पंधरा वर्षांच्या शेतातल्या झाडातून सहसा निघत नाही. अंतर्गत सजावटीवरचा खर्च वाढतो तेव्हा जी मागणी वाढते, ती या वरच्या प्रतीच्या मालाची. पातळ घेराच्या मालाला त्या तेजीचा वारा फारसा लागत नाही.

घरबांधणीच्या आणि इंटिरियरच्या वाढीचा थेट लाभ खरोखर कोणत्या झाडांना झाला, हे पाहायचे असेल तर हरियाणातल्या यमुनानगरकडे पाहावे. तिथल्या प्लायवूडच्या कारखान्यांना आसपासच्या शेतांतून पॉप्लर आणि निलगिरी पुरवली जाते. ही झाडे काही वर्षांत तोडणीला येतात, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांच्या व कपाटांच्या आत लॅमिनेटखाली बसतात. ती कोणाला दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यावर संदेशही फिरत नाहीत.

आणखी एक गोष्ट मुंबई-पुण्याच्या बाबतीत विशेष आहे आणि तिचा उल्लेख अशा संदेशांत कधीच नसतो. इथली बरीचशी नवी घरे जुनी घरे पाडून होतात. वाडा किंवा बंगला पुनर्विकासाला गेला की त्यातल्या तुळया, खांब आणि दारे जुन्या लाकडाच्या बाजारात येतात. हे लाकूड अनेक दशके मुरलेले, पूर्ण वाळलेले आणि बहुधा मोठ्या घेराच्या झाडाचे असते, त्यामुळे जाणकार सुतार नव्या कच्च्या सागापेक्षा तेच पसंत करतात. जी बांधकामाची तेजी सागाची मागणी वाढवते असे सांगितले जाते, तीच या शहरांत सागाचा पुरवठाही करते.

दुसरे विधान पुरवठ्याचे. जंगलतोडीवर कडक निर्बंध आहेत, हे बरोबर आहे. 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणाने लाकडावर चालणाऱ्या उद्योगांना जंगलाऐवजी शेतकऱ्यांकडून कच्चा माल घेण्याची दिशा दाखवली, आणि जंगलांच्या रक्षणासाठीच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी दिलेल्या आदेशानंतर तोडीवर आणि आरा गिरण्यांवर नियंत्रण आले. परंतु त्यावरून ‘माल नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे बंदरे विसरणे होय. भारत हा जगातला सर्वांत मोठा साग आयात करणारा देश आहे. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा आता सागाला सोन्याचा भाव येणार असे बोलले गेले. प्रत्यक्षात व्यापाऱ्यांनी घाना, बेनिन, टांझानिया, इक्वेडोर, पनामा, कोस्टारिका, ब्राझील अशा देशांतल्या लागवडीच्या सागाकडे मोर्चा वळवला. हा माल कांडला आणि मुंद्रा बंदरांत उतरतो, गांधीधामच्या आरा गिरण्यांत कापला जातो आणि तिथून आपल्या वखारींत येतो.

या आयातीत आपल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने कळीची बाब अशी की तोही बराचसा लागवडीतला, कमी वयाचा आणि मध्यम घेराचाच साग असतो. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलातल्या जुन्या, जाड सागाशी त्याची स्पर्धा नसून सांगलीच्या किंवा यवतमाळच्या बांधावरच्या सागाशी आहे. त्यामुळे आपल्या झाडाचा भाव हडपसरला किती फ्लॅट विकले गेले यावर जितका ठरतो, तितकाच तो डॉलरच्या दरावर, जहाजाच्या भाड्यावर आणि इक्वेडोरच्या मळ्यात त्या वर्षी किती तोड झाली यावरही ठरतो.

चंद्रपूरच्या सागाची ख्याती खरी आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 मध्ये बल्लारपूरहून साग पाठवला गेला, आणि त्यानंतर हा संदेश पुन्हा जोमाने फिरला. तो साग वनखात्याच्या हद्दीतला, दीर्घकाळ वाढलेला होता. वखारीत ‘सीपी साग’ म्हणून ज्या मालाची आजही वेगळी किंमत सांगितली जाते, त्याचे नाव विदर्भाच्या या जंगलांवरून आणि पूर्वीच्या मध्य प्रांतावरून पडले आहे. ठिबकवर पंधरा वर्षांत वाढवलेल्या झाडाला ते नाव लावल्याने त्याचा गाभा, म्हणजे आतले गडद, टिकाऊ लाकूड, तयार होत नाही.

अमेरिकेचा दाखला तर पूर्णपणे वेगळ्या लाकडाचा आहे. तिथली बहुतेक स्वतंत्र घरे लाकडी सांगाड्याची असतात, आणि तो सांगाडा पाइन, स्प्रूस, फर यांसारख्या मऊ, सूचिपर्णी लाकडाचा असतो. कोरोनाकाळात गृहकर्जाचे व्याज घसरले, 30 वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर जानेवारी 2021 मध्ये 2.65 टक्क्यांपर्यंत आला, गिरण्या मनुष्यबळाअभावी मंदावल्या होत्या, आणि मे 2021 मध्ये या लाकडाच्या वायद्याचा भाव हजार बोर्ड फुटांना (बारा बोर्ड फूट म्हणजे एक घनफूट) 1,600 डॉलरच्या वर गेला. ऑगस्टपर्यंत तो 500 डॉलरच्या आसपास कोसळलाही होता. संदेश लिहिणाऱ्याने आलेख मे महिन्यातच थांबवला आहे.

सागाशी तुलना करायची तर अमेरिकेतल्या कठीण लाकडाच्या, म्हणजे ओक, मेपल, अक्रोड, चेरी यांच्या धंद्याशी करावी लागेल, कारण ते सांगाड्यात न जाता फरशी, कपाटे, जिने आणि फर्निचर यांत जाते. या धंद्याचा इतिहास संदेशाच्या नेमका उलट बाजूने बोलतो. अमेरिकेत 2005 मध्ये सुमारे 20.7 लाख घरांचे काम सुरू झाले होते. 2009 मध्ये हा आकडा 5.54 लाखांवर आला. ॲपलाचियन डोंगररांगांतल्या अनेक आरा गिरण्या त्या काळात बंद पडल्या. पुढे घरबांधणी सावरली आणि 2021 मध्ये सुमारे 16 लाखांपर्यंत पोचली. कठीण लाकडाचे उत्पादन मात्र 1990 च्या दशकातल्या पातळीला परत गेले नाही. मधल्या काळात फर्निचरचे कारखाने चीन आणि व्हिएतनामला गेले होते, फरशीत लाकडासारखे दिसणारे व्हिनाइल आले होते, कपाटांना रंग देण्याची फॅशन आली होती आणि रंगाखाली लाकूड कोणते आहे याला महत्त्व उरले नव्हते. घरे परत आली, पण लाकडाची त्या घरांतली जागा परत आली नाही.

तिथला आणखी एक धडा आपणही लक्षात घ्यावा. नव्या घरांइतकीच जुन्या घरांची खरेदी-विक्री या धंद्याला महत्त्वाची असते, कारण माणूस घर बदलतो तेव्हा फरशी उखडतो आणि स्वयंपाकघर नवे करतो. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या गृहकर्जाचा व्याजदर 7.79 टक्क्यांवर गेला, तेव्हा तीन टक्क्यांचे जुने कर्ज सोडून नवे घर घ्यायला लोक धजेनात, आणि त्या वर्षी जुन्या घरांची विक्री 40.9 लाखांवर, म्हणजे 1995 नंतरच्या नीचांकावर आली. नवी घरे बांधली जात असतानाही ओकच्या गिऱ्हाइकाने हात आखडता घेतला, तो असा.

आता झाडातल्या घनफुटांचा आणि भावाचा हिशेब. ओंडका मोजण्याची प्रचलित रीत घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून त्याला लांबीने गुणण्याची आहे. सोटाची उपयोगी लांबी 15 फूट आणि मधला घेर चार फूट असेल, तर झाडातून बरोबर 15 घनफूट निघतात. संदेशातला आकडा इथून आला असावा. पण घेर दोन फूट असेल, तर त्याच लांबीला पावणेचारच घनफूट निघतात, कारण घेर निम्मा झाला की घनफळ चौथ्या हिश्श्यावर येते. एकरात 500 झाडे दाटीने उभी ठेवून पंधरा वर्षांत त्या सर्वांचा मधला घेर चार फूट होणे जवळपास अशक्य आहे. घेर हवा असेल तर विरळणी करावी लागते. वनखात्याच्या लांब मुदतीच्या लागवडीत शेवटी हेक्टरी दोन-तीनशे किंवा त्याहूनही कमी झाडे राखली जातात. म्हणजे 500 ही संख्या आणि 15 घनफूट हे माप एकाच शेतात, एकाच वेळी मिळत नाही. शिवाय तरुण झाडात बाहेरच्या फिकट लाकडाचा वाटा मोठा असतो, त्याला कीड लवकर लागते आणि खरेदीदार तेवढे वजा करूनच बोली लावतो.

3,000 रुपयांचा भाव हा वखारीतल्या कापलेल्या, वाळलेल्या, निवडलेल्या मालाचा आहे. शेतातल्या उभ्या झाडाला तो लावणे हा या संदेशातला सर्वांत मोठा दोष मानावा लागेल, कारण मधले टप्पे सगळे पैशाचे आहेत. सातबाऱ्यावर झाडांची नोंद, महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, 1964 खालची परवानगी, तोडणी, वाहतूक परवाना, ट्रकचे भाडे, आणि मग आऱ्यावर होणारी घट. पातळ ओंडक्यातून चौकोनी माल काढताना जवळजवळ निम्मे लाकूड भुसा आणि कडेच्या तुकड्यांत जाते. ही कागदपत्रे झेपत नसल्यामुळे बरेच शेतकरी उभे झाड एकठोक रकमेला ठेकेदाराला देतात, आणि तिथे बांधकामक्षेत्रातल्या तेजीचा फायदा ठेकेदारापाशीच अडतो.

सागाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी: उभे झाड इतर पिकांसारखे नासत नाही, म्हणून मंदीत तोड पुढे ढकलता येते. ज्याने 2001-02 मध्ये लावला, त्याची पंधरा वर्षे नोटबंदीच्या आणि रेरा हा गृहप्रकल्पांच्या नियमनाचा कायदा लागू होण्याच्या सुमारास भरली, जेव्हा बांधकामक्षेत्र थंडावले होते. पैशाची निकड नसेल तर तो थांबू शकला, आणि थांबल्याने घेरही वाढला. पण कोटींच्या आशेने सगळी जमीन सागाखाली घालणाऱ्याला हे थांबणे परवडत नाही. 1990 च्या दशकात सागाच्या लागवडीवर गुंतवणूक गोळा करणाऱ्या कंपन्या अशाच गुणाकारावर उभ्या होत्या, त्यांतल्या अनेक बुडाल्या, आणि भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीला 1999 मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी स्वतंत्र नियम करावे लागले. बांधावर, मुख्य पीक सांभाळून, पुढच्या पिढीच्या हिशेबाने लावलेल्या सागाला यातला कोणताही आक्षेप लागू नाही. ज्याला भावाचा अंदाज हवा आहे त्याने फ्लॅटच्या जाहिराती बाजूला ठेवून वनखात्याच्या आगारातल्या लिलावात प्रत्येक गोलाई-वर्गाला, म्हणजे घेराप्रमाणे पाडलेल्या वर्गाला, काय बोली लागली ते पाहावे, आणि आपल्या झाडाभोवती टेप गुंडाळून ते कोणत्या वर्गात बसते ते ठरवावे.