मुदत वाढली, मला कुणी विचारलं?

आमच्या वाटणीच्या दाव्यात मुदत वाढली, हे मला कळलं पंधरा दिवसांनी. तेही समोरच्या पार्टीकडून! बेळगावाकडच्या आमच्या खानापूरच्या बाजारात चुलतभाऊ भेटला. म्हणाला, "बरं झालं बघ दादा, तुझ्या वकिलानं ऐकलं. दोन महिनं गावलं आम्हाला." भाजीची पिशवी धरून मी नुसता "हां की" म्हणालो. घरी येऊन वकिलांना फोन केला. ते एकदम शांत. "अहो, दोन्हीकडून मेमो दिला, साहेबांनी ऑर्डर केली. एवढ्यासाठी तुम्हाला हेलपाटे कशाला?"

मुदत कशाची, तर कागद दाखवायची. आपल्याकडचे कागद समोरच्याला बघू द्यावे लागतात, दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर ११ (म्हणजे अकरावा आदेश) त्यासाठीच आहे. कोर्टाचा हुकूम होऊनही दाखवले नाहीत तर वादीचा दावा निकालात निघू शकतो, प्रतिवादीचा बचाव उडू शकतो. आता चुलत्यांच्या ट्रंकेत आहेत ते पणजोबांच्या वेळचे कागद, मोडीतले. हा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे घरोघरी जुनं दप्तर मराठीत, तेही बरंचसं मोडी लिपीत. कोर्ट मात्र चालतं कन्नड-इंग्रजीत. म्हणजे आधी मोडी वाचणारा शोधा, मग बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून घ्या, मग भाषांतर. एखाद्या बांधाच्या नावावर सगळं अडून बसतं. दोन महिने कमीच म्हणायचे. मला विचारलं असतं तर चहा पिता पिता सही केली असती.

पण विचारायला हवं होतं. वकालतनाम्यावर सही माझीच आहे, म्हणून कोर्टाच्या लेखी वकिलांचं 'हो' ते माझंच 'हो'. बाररूममध्ये रोज समोरासमोर बसणाऱ्या माणसांना एकमेकांना नाही म्हणणं जड जातं, हे मला कळतं. उद्या त्यांनाही मुदत लागणार. पण या उसनवारीत दिवस जातात ते माझे. (सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सुप्रीम कोर्टात गेला. तारीख म्हणजे काय हे बेळगावात कुणी कुणाला शिकवू नये.)

आणि दोघं राजी झाले की काम झालं, असंही नसतं. कोर्टानं घालून दिलेली मुदत कोर्टच वाढवतं. त्याच संहितेच्या कलम १४८ मध्ये तर एकूण ३० दिवसांची मर्यादा लिहिलीय. २००५ साली सुप्रीम कोर्टानं ती फार ताणून धरली नाही, म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं. व्यापारी दाव्यांत ती सवलत नाही. तिथं प्रतिवादीची कैफियत (लेखी उत्तर) आल्यावर कागद तपासायला ३० दिवस, फार तर आणखी ३०. अमेरिकेतल्या फेडरल कोर्टांत नियम २९ प्रमाणे पक्षकारांना आपसात मुदत वाढवता येते, पण कागदपत्रांचं काम संपवायच्या किंवा सुनावणीच्या तारखेला धक्का लागत असेल तर तिथंही न्यायाधीशाची परवानगी लागते. मला हे पटतं. आपसात ठरवा, पण शेवटची तारीख हलवायची तर उघड हलवा.

मी वकिलांना कागदावर लिहून दिलंय: इथून पुढं मुदतीला संमती देण्याआधी मला फोन. ते हसले, पण कागद फाईलला लावला.

दरम्यान चुलतभावाला कोल्हापुरात मोडी वाचणारे एक गृहस्थ गावलेत. त्यांची फी दोघांनी अर्धी अर्धी द्यायची ठरलंय. हे मात्र आम्ही दोघांनीही आपापल्या वकिलांना अजून सांगितलेलं नाही.