बाहेरच्यांचा पुळका

दिवाळीनंतर चुलतभावाचा व्हॉइस मेसेज आला, चांगला चार मिनिटांचा. पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावात कापसाच्या वेचणीला बैतूल-छिंदवाड्याकडची कुटुंबं येतात. त्यांची पोरं दिवसभर धुऱ्यावर बसून असतात. एका संस्थेने त्यांच्या हंगामी शाळेसाठी समाजमंदिर मागितलं आणि गाव अडून बसलं. "ताई, या संस्थावाल्याइले बाहेरच्याइचाच पुळका हाय. आपल्या कास्तकाराले कोन पायते? अन् तू बी तिकडं असल्याच लोकाइले पैसे देतं म्हने. त्यापरीस सभामंडपाले दे."

देते मी. न्यू जर्सीत स्थलांतरितांचे खटले फुकट लढवणाऱ्या एका संस्थेला दर महिन्याला देते, आणि त्याबद्दल मला कोणी ऐकवलं की डोकं तडकतं.

कास्तकाराला कोण पाहतं, हा त्याचा सवाल मात्र खोटा नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये हमीभाव जाहीर झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क उठवलं. बाप्पा, राग यावा अशीच गोष्ट आहे. पण तो निघतोय कोणावर? किलोच्या हिशेबाने आमचाच कापूस वेचणाऱ्या बाईच्या पोरांवर. शुल्क तिने उठवलं नाही. गावात वेचायला माणूस मिळत नाही, म्हणून मुकादमाला उचल देऊन तिला आपणच आणतो.

माझ्या मुलाला इथल्या शाळेत घातलं तेव्हा राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला, व्हिसा नाही. आईबापांकडे कागद नसले तरी पोराला शाळेचं दार बंद करता येत नाही, असा इथल्या सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा निकाल आहे. हे मी भावाला लगेच लिहून पाठवलं, जरा तोऱ्यातच. इथल्या बाकीच्या गोष्टी लिहिल्या नाहीत. इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही, लहान मुलालाही नाही, हे लिहिलं नाही. ऐपत नसलेल्याला तिथे संस्थेचाच काय तो आधार.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने लष्करी विमानाने १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला उतरवलं. "चुकीच्या वाटेनं गेले, आता भोगा," असं आमच्या घरच्या ग्रुपवर लिहून आलं. इथल्या आपल्या लोकांच्या बाजारात, ओक ट्री रोडवर, किराणा घेताना मी हेच वाक्य मराठीत ऐकलं, गुजरातीत ऐकलं, तेलुगूत ऐकलं. आपण रांगेतले, ते रांग मोडणारे. पण त्याच वर्षीच्या २० जानेवारीला जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर घाव घालणारा आदेश निघाला, त्यात एच-वन-बीवाल्यांची, म्हणजे कामाच्या व्हिसावर आलेल्यांची, बाळंही आली. त्याच दिवशी कोर्टात धावली ती नागरी हक्कांसाठी लढणारी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन, आणि तिच्यासोबत न्यू हॅम्पशायरमधली इंडोनेशियन लोकांची एक संस्था. ओक ट्री रोडवरच्या किती जणांनी त्यांना कधी दहा डॉलर दिले असतील?

मीही देत नव्हते. २०१७ साली नवऱ्याच्या कंपनीने प्रोजेक्ट नाही म्हणून तीन महिने पगार दिला नाही. मला काम करायची परवानगी नव्हती. घरभाडं थकलं. कोणीतरी सांगितलं, मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात फुकट सल्ला मिळतो. रांगेत ग्वाटेमालाच्या, घरकाम करणाऱ्या बाया होत्या. मी पासपोर्ट मांडीवर उघडा धरून बसले, व्हिसाचं पान दिसेल असा. मी यांच्यातली नाही, हे कोणालातरी कळावं म्हणून. ते आठवलं की आजही मान खाली जाते. टेबलामागच्या बाईंनी ते पान पाहिलंही नाही. एच-वन-बीवाल्याला काम नसतानाही पगार द्यावाच लागतो, हे त्यांनी सांगितलं आणि कामगार खात्याकडची तक्रार शेजारी बसून भरून दिली. पैसे पुढे मिळाले. बाबा तेव्हा गावात सांगत होते, पोरगी मजेत हाये. मी ते कधीच खोडलं नाही.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये हैदराबादहून निघालेले मजूर ४४ नंबरच्या महामार्गाने, आमच्या फाट्यावरून नागपूरकडे पायी जात होते. त्यांच्यासाठी तेव्हा १९७९ चा कायदा होता, पण त्या वाटेवर तो कोणाच्या कामी आला नाही. आमची आई आणि हाच चुलतभाऊ पिठलं-भाकर घेऊन फाट्यावर उभे राहायचे. त्याने पाठवलेला फोटो मी ऑफिसात दाखवत फिरले होते, माझं गाव बघा म्हणून. भाकर देताना त्याने कोणाला गाव विचारलं नव्हतं. आज त्याच लोकांसारख्यांची पोरं पाटी मागतात, तर तो गाव विचारतो. मला लागलं ते हे.

आणि लागलं त्याचं शेवटचं वाक्य. "तू आता इथली कुठं राह्यली, ताई, तुले काय समजनार." तेवढं मी चारदा ऐकलं. इथे माझं नाव सरळ घेणारे दोघे-तिघे. तिथे हे असं.

पण आमच्या सातबाऱ्यावर भावांच्या नावाखाली माझंही नाव आहे. बैल विकल्यापासून वाड्यातला कोठा रिकामा आहे, वर पत्रे धड आहेत, विजेचा एक बल्बही आहे. समाजमंदिर नका देऊ. वेचणी संपेपर्यंत पोरं तिथे बसतील. सभामंडपालाही मी पैसे पाठवते, पण आधी सतरंज्या आणि पाट्या येतील. काल रात्री भावाला एवढंच सांगितलं, आणि किल्ली आईकडे आहे हेही.