टेक्स विलर इटालियन कसा?

आम्हा पाच-सहा मित्रांचा एक छोटा गट आहे. तिथे इटालियन कॉमिक्स आणि इटालियन गाणी यांखेरीज दुसरा विषय सहसा निघत नाही. गेल्या आठवड्यात त्यातल्या एकाने विचारलेला प्रश्न अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्याचे म्हणणे असे : इटालियन कॉमिक्सचे गाजलेले नायक पाहा, टेक्स विलर अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात घोडा दौडवतो, डिलन डॉग लंडनमध्ये राहतो, मार्टिन मिस्टेअर न्यूयॉर्कमध्ये, आणि डियाबोलिक तर क्लेर्विल नावाच्या, नकाशावर कुठेच नसलेल्या शहरात चोऱ्या करतो. मग या सगळ्यात इटली आहे कुठे? अमेरिकी आणि इंग्रजी मालाच्या नकलेलाच आपण इटलीची कला म्हणून डोक्यावर घेतो आहोत का?

गटात चार ओळींत याचे उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. माझे मत असे आहे की परक्या भूमीवर जाऊन आपली गोष्ट सांगणे हीच इटलीच्या लोकप्रिय कलेची जुनी आणि सर्वांत अस्सल रीत आहे. तिथे गेल्यावर हे लेखक कोणाच्या बाजूने उभे राहतात, ते पाहिले की त्यांचे इटालियनपण दिसू लागते.

टेक्सपासूनच सुरुवात करतो. लेखक जान लुइजी बोनेल्ली आणि चित्रकार आउरेलियो गालेप्पिनी यांचा टेक्स 30 सप्टेंबर 1948 रोजी एका छोट्या, आडव्या पुस्तिकेतून पहिल्यांदा वाचकांसमोर आला. दुसरे महायुद्ध संपून तीनच वर्षे झाली होती. त्याआधी दहा वर्षे, म्हणजे 1938 मध्ये, फॅसिस्ट सरकारने अमेरिकी कॉमिक्सवर बंदी घातली होती. मिकी माउसला, म्हणजे इटलीच्या तोपोलिनोला, तेवढी सवलत मिळाली, पण 1942 मध्ये तीही संपली आणि त्याच्या जागी तुफोलिनो नावाचा एक मानवी मुलगा आणून बसवण्यात आला. ज्या पिढीने अमेरिकेचे वाळवंट आणि घोडेस्वार आधी मनापासून वाचले आणि मग हुकुमाने गमावले, तिच्यासाठी टेक्स लिहिला गेला. त्याला उसना म्हणणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते. हिरावून घेतलेली एक वस्तू त्या लोकांनी स्वतःच्या हाताने पुन्हा घडवली होती.

ती घडवताना बोनेल्लींनी काय केले, हे अधिक महत्त्वाचे आहे. टेक्स नावाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीच्या सरदाराच्या मुलीशी, लिलिथशी, लग्न करतो. पुढे तो स्वतः त्या जमातीचा प्रमुख होतो आणि ‘रात्रीचा गरुड’ या नावाने ओळखला जातो. त्याचा मुलगा अर्धा नावाहो आहे आणि त्याच्या चार जणांच्या टोळीत टायगर जॅक हा नावाहो योद्धा बरोबरीच्या नात्याने वावरतो. ज्या काळात वेस्टर्न चित्रपटांतले मूळ रहिवासी बहुतेकदा गोळी खाऊन घोड्यावरून पडण्यापुरते पडद्यावर येत, त्या काळात मिलानमधला एक लेखक आपल्या नायकाला त्यांच्या वस्तीत नांदवत होता आणि त्यांची जमीन लाटणारे व्यापारी, लाचखाऊ अधिकारी आणि उर्मट लष्करी सेनानी यांच्याशी लढायला लावत होता. इटालियन दिग्दर्शक सर्जो लेओने यांचा वेस्टर्न चित्रपटांच्या डॉलर मालिकेतला पहिला चित्रपट 1964 चा, म्हणजे टेक्स त्याच्याही 16 वर्षे आधीचा. आज मासिक मालिकेचे सातशेहून अधिक अंक झाले आहेत. बहुतेक अंक अजूनही कृष्णधवलच असतात आणि इटलीत ते वृत्तपत्रांच्या स्टॉलवर मिळतात. सामान्य माणसाला परवडणारी, दर महिन्याला शंभरावर पानांची अखंड गोष्ट हा या कॉमिक्सचा कणा आहे. रंगीत, गुळगुळीत, महागड्या आवृत्त्यांचे कौतुक करताना आपल्या गटातले काही जण हे विसरतात, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

डियाबोलिकची जन्मकथाही अशीच, स्टॉल आणि आगगाडी यांच्यामधली. मिलानच्या आंजेला जुस्सानी यांनी रोज लोकलने ये-जा करणारे नोकरदार पाहिले आणि त्यांच्या खिशात मावेल, प्रवासात वाचून संपेल असे पुस्तक 1 नोव्हेंबर 1962 रोजी बाजारात आणले. लवकरच त्यांची बहीण लुचाना त्यांना येऊन मिळाली. दोन बहिणींनी मिळून एका निर्दय चोराची मालिका चालवावी आणि त्याच्या जोडीला एव्हा कांटसारखी, त्याच्याशी बरोबरीने वागणारी स्त्री उभी करावी, हे त्या काळच्या इटलीत सोपे नव्हते.

डिलन डॉगबद्दल मात्र मला जरा थांबून सांगायचे आहे, कारण माझ्या मित्राचा मुख्य आक्षेप त्याच्यावरच होता. तित्सियानो स्क्लावी यांनी 1986 मध्ये निर्माण केलेला हा भुताखेतांचा तपास करणारा माणूस लंडनच्या क्रेव्हन रोडवर राहतो, त्याचा चेहरा एका इंग्रज नटावरून घेतलेला आहे आणि त्याचा सोबती अमेरिकी विनोदी नट ग्राउचो मार्क्सची प्रतिमा आहे. इतके सगळे बाहेरचे असूनही तो घरी एकटा बसला की क्लॅरिनेटवर जे वाजवतो, ते जुझेप्पे तार्तिनी या अठराव्या शतकातल्या इटालियन संगीतकाराचे, सैतानाच्या नावाने प्रसिद्ध असलेले सोनाटा असते. या कथांतल्या अनेक राक्षसांविषयी वाचकाला शेवटी करुणा वाटते आणि भीती वाटते ती सभ्य, कायदा पाळणाऱ्या माणसांची. अशी गोष्ट लिहिणाऱ्याला लंडन हवे असते ते थोडे अंतर मिळावे म्हणून. जे स्वतःच्या गल्लीतल्या माणसांबद्दल उघडपणे बोलता येत नाही, ते त्या अंतरावरून बोलता येते.

गाण्यांतही हेच आहे. गायक रेनातो कारोझोने यांनी 1956 मध्ये अमेरिकी होऊ पाहणाऱ्या तरुणाची टर उडवली ती नापोलीच्या बोलीत, आणि चाल मात्र अमेरिकी नाचगाण्याची घेतली. गायक आद्रियानो चेलेन्तानो यांनी 1972 मध्ये एक असे गाणे केले की ज्याचे बोल ऐकायला अमेरिकी इंग्रजी वाटतात, पण त्यांना अर्थ जवळजवळ नाहीच. भाषा न समजता परक्या गाण्यावर जीव टाकणाऱ्या लाखो श्रोत्यांचा अनुभवच त्यांनी गाण्यात आणला. मराठी घरांत वाढून इटालियन गाणी ऐकणाऱ्या आपल्याला तरी तो अनुभव वेगळा समजावून सांगावा लागू नये.

आणि आता साल्गारी. व्हेरोनाचे साहसकथा लिहिणारे कादंबरीकार एमिलिओ साल्गारी यांनी 1883 मध्ये एका स्थानिक वृत्तपत्रात सांदोकानची कथा क्रमशः लिहायला घेतली. मलायाच्या समुद्रातला हा चाचा मुळात इंग्रजांनी राज्य हिरावून घेतलेला राजपुत्र आहे आणि त्याचे वैर इंग्रजी सत्तेशी आहे. साल्गारींनी आशिया कधी पाहिला नाही; त्यांची सगळी जंगले, नद्या आणि वादळे ग्रंथालयातल्या पुस्तकांतून आली. आयुष्यभर रात्रंदिवस लिहूनही ते गरीबच राहिले आणि 1911 मध्ये तोरिनो येथे त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. पुढे 1976 मध्ये इटलीच्या दूरचित्रवाणीवर सहा भागांची मालिका आली. त्यात सांदोकान झाले आपल्या मुंबईचे कबीर बेदी, आणि इटलीतल्या घराघरांत त्यांचे नाव झाले.

याच साल्गारींच्या 1895 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या, बंगालच्या सुंदरबनातल्या कादंबरीत नायक त्रेमाल-नाईक याचा एकनिष्ठ सोबती आहे काम्मामुरी. लेखक त्याला पुन्हा पुन्हा ‘महारात्तो’ म्हणतो, म्हणजे मराठा. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. काम्मामुरी हे नाव कोणत्याही मराठी घरातले नाही आणि त्या कादंबरीतली कालीची उपासना व ठगांचे भुयारी राज्य ही युरोपच्या कल्पनेतली भडक चित्रे आहेत. मित्राच्या आक्षेपाला मी मान देतो तो इथे. न पाहिलेल्या देशाविषयी लिहिताना चुका होतात आणि त्या चुका ज्यांच्याविषयी लिहिले जाते त्यांना बोचतात. तरीही साम्राज्यांचे पोवाडे गायले जात होते त्या युरोपात, एका इटालियन माणसाने मुलांच्या हाती दिलेले नायक मलायी आणि बंगाली होते आणि त्यांचा शत्रू इंग्रज होता, ही गोष्ट माझ्या लेखी त्या चुकांपेक्षा मोठी आहे.

चित्रकथाकार ह्यूगो प्रात यांनी तर साम्राज्य म्हणजे काय हे स्वतः भोगलेले होते. वडील इटलीच्या वसाहतीत नोकरीला असल्यामुळे त्यांचे किशोरवय इथिओपियात गेले आणि वडील युद्धकैदेत वारले. पुढे 1967 मध्ये जन्मलेला त्यांचा कॉमिक्स-नायक, खलाशी कोर्तो माल्तेझे आफ्रिकेच्या त्या भागात जातो तेव्हा साम्राज्याचा गणवेश घालून जात नाही. तिथल्या कुश या बंडखोर योद्ध्याशी त्याचे जे मैत्र जमते, त्यात प्रात यांनी आपल्या बालपणाशी केलेला हिशेब मला दिसतो.

मित्राला मी हे सगळे पाठवले आहे. शब्दांपेक्षा पान वाचून त्याला अधिक पटेल, म्हणून साल्गारींच्या त्या सुंदरबनातल्या कादंबरीचे पहिले प्रकरण गटासाठी मराठीत करायला घेतले आहे. जंगलाचे वर्णन उतरले. काम्मामुरीच्या पहिल्या वाक्यापाशी मात्र तीन दिवस अडलो आहे. व्हेरोनात बसून कल्पिलेल्या, बंगालच्या दलदलीत राहणाऱ्या या मराठ्याच्या तोंडी देशावरची बोली घालावी की कोकणातली, की पुस्तकी मराठीच ठेवावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.